गड घेणे आणि गड राखणे



रायगडाच्या छायेत आणि तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठाच्या परिसरात राहणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको : गड घेणे एक आणि राखणे दुसरे. वजनाचेही तेच. महिनाभर पोट मारून पाच किलो उतरविणारे पुष्कळ. ते वर्षानुवर्षे टिकविणारे थोडे. कारण हलक्या झालेल्या शरीराला अन्न कमी लागते, भूक मात्र वाढते. हा केवळ मनाचा दुबळेपणा नव्हे, देहाचा स्वभाव आहे. म्हणून व्रत महिन्याचे नको, दिनचर्या आयुष्याची हवी.

आपले आजोबा नाचणीची भाकरी खात आणि डोंगर चढत. आज दारात दुचाकी आहे, रायगडाला 1996 पासून रोपवे आहे. सोय वाईट नव्हे. पण वाचलेले श्रम भरून काढले पाहिजेत. नुसती नाचणी खाऊन वजन उतरत नाही.

वाग्भटाने जठराचा चौथा भाग मोकळा ठेवण्यास सांगितले. भारतीय पुरुषाची कंबर 90 आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या आत असावी, असे आजचे वैद्यक सांगते. त्यासाठी भात थोडा कमी, कुळीथ-मूग आणि भाजी अधिक, चहात साखर नको. रोज अर्धा तास झपझप चालणे. आठवड्यातून एकदा वजन. दोन किलो वाढताच सावध व्हावे.

आणि घरात एकाचेच ताट वेगळे वाढू नका. ते टिकत नाही. सगळ्या घराचे ताट बदला. गड एकट्या पहारेकऱ्याने राखला जात नाही.