पाण्याची बाटली



ज्या मास्तरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञानाचे शिक्षक. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. संस्थेचे पत्र आले तेव्हा संतकाव्यावर किंवा सीमाभागातल्या मराठीवर बोलावे असा सोपा विचार मनात आला होता. मात्र मास्तरांच्या नावाने बोलायचे आणि त्यांनी शिकवलेली एकच गोष्ट, जी मला उशिरा कळली, ती सांगायची नाही, हे मनाला पटेना. म्हणून आजचा विषय पिकावरची कीड, तिला मारणारे जिवाणूंचे विष, आणि त्या विषाची परीक्षा. चुकीचे काही बोललो तर समोर बसलेल्या शेतकी पदवीधरांनी मला थांबवावे.

प्रारंभ जुन्या हुबळीपासूनच करतो. १९६३ साल. मी आठवीत होतो. शाळेच्या आवारात एक लिंबाचे झाड होते आणि त्यावर पावसाळ्यात अळ्या पडत. लहानपणी पाखराच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या आणि मोठेपणी हिरव्यागार होणाऱ्या त्या अळ्या. मास्तरांनी आम्हा चौघा मुलांना काचेच्या चार बाटल्या दिल्या, प्रत्येक बाटलीत दहा अळ्या सोडायला सांगितल्या आणि निपाणीच्या तंबाखूचा काढा करवून घेतला. एका बाटलीतली पाने दाट काढ्यात बुडवायची, दुसरीतली मध्यम, तिसरीतली पातळ. आणि चौथीतली? साध्या पाण्यात. आम्ही हसलो. पाण्याने का अळी मरते! मास्तर म्हणाले, "अरे, आधी तिच्याकडे बघायचं. बाकीच्यांकडे मग."

तिसऱ्या दिवशी मोजणी माझ्याकडे होती. दाट काढ्यात दहाच्या दहा मेल्या, मध्यमात सहा, पातळात तीन. पाण्याच्या बाटलीत दोन. त्या दोन मेलेल्या अळ्यांनी माझा सुंदर प्रयोग बिघडवला असे मला वाटले. मी झाडाखाली गेलो, दोन जिवंत अळ्या आणून बाटलीत सोडल्या आणि मेलेल्या दोन कुंपणापलीकडे टाकून दिल्या. मास्तर आले, त्यांनी चारही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि विचारले, "पाण्याच्या बाटलीत एकही मेली नाही का रे?" मी म्हणालो, "नाही, मास्तर." त्यांनी नोंदवहीत शून्य लिहिले. त्यांना काही कळले होते की नाही, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

हे प्रकरण इथेच ठेवतो. पुढे ते लागणार आहे.

आता ज्या विषाविषयी बोलायचे त्याची जन्मकथा पाहा. ती शेतात घडली नाही, रेशमाच्या किड्यांच्या रोगातून घडली. १९०१ साली जपानात शिगेताने इशिवाता यांना धडधाकट रेशीमकिडे एकाएकी कोसळून मरताना दिसले आणि त्या मृत किड्यांत त्यांना एक जिवाणू सापडला. जपानी भाषेत त्या रोगाचे नाव 'सोत्तो', म्हणजे अकस्मात कोसळणे. पुढे १९११ साली जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना पिठातल्या पतंगाच्या अळीत तोच जिवाणू मिळाला. त्या अळ्या थुरिंजिया प्रांतातल्या, म्हणून त्यांनी त्याला नाव दिले बॅसिलस थुरिंजिएन्सिस. शेतकरी ज्याला सरसकट 'बीटी' म्हणतो तो हाच. गंमत अशी की ज्याने माणसाच्या उपयोगाचे किडे मारले म्हणून तो प्रथम डोळ्यांत भरला, त्यालाच पुढे माणसाने पिकाचा राखणदार नेमले. १९३८ साली फ्रान्समध्ये त्याची भुकटी बाजारात आली.

हा जिवाणू बीजाणू धरताना प्रथिनाचा एक स्फटिक तयार करतो. मारक गुण त्या स्फटिकात असतो, पण जागा न झालेला. आपल्या जठरात आम्ल असते, अळीच्या मध्यांत्रात त्याच्या उलट क्षार. त्या क्षारात स्फटिक विरघळतो, अळीचीच पाचकद्रव्ये त्याला कापून त्याचे खरे विष करतात, आणि ते आतड्याच्या आवरणावरच्या ठरावीक ग्राहकांना चिकटून तिथे छिद्रे पाडते. अळीचे खाणे काही तासांत बंद होते, मरण दोन-तीन दिवसांनी येते. ज्याच्या आतड्यात तो ग्राहक नाही त्याला या विषाची बाधा नाही. कुलूप नसेल तर किल्ली कुणाच्या खिशात आहे याला अर्थ नाही. मात्र कुलूप बदलले तरीही किल्ली निकामीच होते, हे ध्यानात ठेवा.

एक भाषिक गंमत सांगितल्यावाचून मला राहवत नाही. हरभऱ्याच्या घाट्यात शिरते ती घाटेअळी, कापसाच्या बोंडात शिरते ती हिरवी बोंडअळी, तुरीवर तीच शेंग पोखरणारी अळी. इथे आपले कन्नड शेतकरी तिला 'कायिकोरक' म्हणतात. किडा एकच. शेतकऱ्याने तिला तिच्या रूपावरून ओळखले नाही, तिने काय बुडवले यावरून ओळखले. शेंदरी बोंडअळी मात्र निराळी. तिला कापसावाचून जवळजवळ दुसरे घर नाही आणि ती बोंडाच्या आत राहते, त्यामुळे वरून बोंड साजरे दिसते. फुलावस्थेत ती पडली की पाकळ्या मिटलेल्याच राहतात, त्यांना वऱ्हाडात डोमकळ्या म्हणतात. असा नेमका शब्द कोशात बसून सुचत नाही.

या विषाची परीक्षा कशी होते? धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात कामाला असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने मला ती दाखवली. मराठी शिकून तिथे कार्यालयात लागलेला. हरभऱ्याचे पीठ, यीस्ट, जीवनसत्त्वे आणि अगार यांचा शिरा शिजवून तो छोट्या खणांत ओततात, त्यात विष चढत्या प्रमाणात मिसळतात, आणि प्रत्येक खणात अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली एकच अळी सोडतात. एकच का? घाटेअळ्या एकमेकींना खातात, म्हणून. सात दिवसांनी मोजणी. किती प्रमाणाला निम्म्या अळ्या मरतात, तो आकडा काढतात. सगळ्या किती प्रमाणाला मरतात हे का विचारत नाहीत, असे मी भाबडेपणाने विचारले. उत्तर मिळाले, की शेवटची चिवट अळी मरेपर्यंत थांबले तर आकडा त्या एका अळीचा होतो, साऱ्या जातीचा होत नाही.

आणि त्या ताटलीच्या एका ओळीत विषच नव्हते. नुसता शिरा. मी क्षणभर गप्प झालो. तिथे आमची पाण्याची बाटली होती.

त्या ओळीत मेलेल्या अळ्यांचा हिशोब कसा करावा, हे १९२५ साली अमेरिकेतल्या ॲबट नावाच्या संशोधकाने एका साध्या सूत्रात सांगितले आहे. घरी येऊन मी साठ वर्षांपूर्वीचे आमचे आकडे त्या सूत्रात घातले. पाण्यात दहापैकी दोन आपोआप मेल्या, तर जगायला उरल्या आठ. पातळ काढ्यात तीन मेल्या, त्यांतल्या दोन तशाही मेल्याच असत्या. म्हणजे काढ्याने आठांतली एक मारली, शेकडा साडेबारा. माझ्या शून्यामुळे नोंदवहीत ते शेकडा तीस आहे. मध्यम काढ्याचे शेकडा साठ दिसतात, खरे पन्नास. आणि पाण्याच्या बाटलीतले मृत्यू शेकडा वीसच्या वर गेले तर प्रयोग टाकूनच द्यायचा असतो. आमचा प्रयोग अगदी उंबरठ्यावर उभा होता. दहा अळ्यांचा प्रयोग म्हणजे प्रयोगच नव्हे, हे मान्य. पण खोटेपणाला संख्या लागत नाही.

आता आपल्या धारवाडची एक हकिकत सांगतो. धारवाड आणि कापूस यांचे नाते जुने आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात 'धारवाड-अमेरिकन' या नावाने इथला कापूस ओळखला जाई. १९७२ साली धारवाडला 'वरलक्ष्मी' हा संकरित वाण निघाला, पुढे 'जयलक्ष्मी'. २६ मार्च २००२ रोजी जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी संकरित वाणांना केंद्राच्या समितीची परवानगी मिळाली. त्यातले विषाचे जनुक मॉन्सँटोचे, त्या प्रकाराचे नाव मॉन ५३१. संकरित बियाणे दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते, आणि प्रारंभी ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपयांच्या वर मोजावे लागत. म्हणून नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, धारवाडचे विद्यापीठ आणि दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी मिळून 'बिकानेरी नरमा' या सरळ वाणात बीटीचे जनुक घातले. शेतकऱ्याने घरचे बी राखावे आणि पुढल्या वर्षी पेरावे, असा हा पहिला सार्वजनिक बीटी कापूस. २००८ साली परवानगी, २००९ साली बियाणे शेतकऱ्यांच्या हाती. मी त्या दिवसांत भेटेल त्याला अभिमानाने सांगत असे, की हे आमच्या धारवाडचे.

पण त्या बियाण्यात मॉन ५३१ आढळले. बियाणे थांबवले गेले. भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रा. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल २०१२ साली आला आणि त्यातही तेच नोंदवले गेले. कोणाचा हात, कोणाची चूक, यावर बोलण्याचा अधिकार मला नाही, आणि ज्याने आठवीत दोन अळ्या बदलल्या त्याने तर बोलूच नये. मला त्यातला परीक्षेचा भाग महत्त्वाचा वाटतो. दोन्ही जनुके क्राय वन एसी याच विषाची. पान खाऊन अळी मेली, एवढ्यावरून विष आहे हे कळते, ते कुणाच्या घरचे हे कळत नाही. त्यासाठी निराळी, नेमकी जनुकाची जागा शोधणारी चाचणी लागते. अळी मरत होती, आणि तरीही उत्तर चुकीचे होते. घरचे बी राखण्याची शेतकऱ्याची ती संधी मात्र गेली, आणि तिचे दुःख मला अजून आहे.

वांग्याचे थोडक्यात सांगतो. मळापूर, मंजरी गोटा, उडुपी गुळ्ळा अशा देशी वांग्यांत बीटी घालण्याचे कामही धारवाडलाच चालले होते. ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्र सरकारने बीटी वांग्याला स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशाने २०१३ साली परवानगी दिली. दोन्ही बाजूंचे वाद तुम्ही वाचले असतील.

माझा एक भाचा नवलगुंद भागात कापूस लावतो. काही वर्षांपूर्वी त्याच्या माळ्यावर मला १२० ग्रॅमच्या छोट्या पाकिटांची चळत दिसली, न फोडलेली. बीटीच्या मोठ्या पाकिटासोबत अनेक वर्षे हे साधे, बिनविषारी बियाणे येत असे, शेताच्या कडेने लावण्यासाठी. मी विचारले तर म्हणाला, "मामा, विकत विष घ्यायचं आणि कडेला अळीला जेवण वाढायचं? कोण पेरतंय ते!" त्याचे बोलणे चुकीचे आहे असे पटकन म्हणता येत नाही. त्या ओळींतले नुकसान त्याचे एकट्याचे, आणि लाभ साऱ्या तालुक्याचा. साध्या झाडांवर ज्या अळ्या जगतात त्यांचे पतंग, विष पचवून उरलेल्या एखाद्या पतंगाशी जुळतात, आणि ते पचवण्याची शक्ती पुढच्या पिढीत दबून जाते. ती ओळच नसेल तर विष पचवणारे आपसांतच जुळतात.

तसेच झाले. २०१० साली गुजरातेतल्या काही जिल्ह्यांत शेंदरी बोंडअळीने पहिले विष पचवल्याचे जाहीर झाले. दोन विषांचे बियाणे २००६ पासून आले होते, तेही पुढे निकामी ठरले, आणि २०१७ साली महाराष्ट्रात शेतेच्या शेते डोमकळ्यांनी भरली. त्याच हंगामात यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या फवारणीतून सुटका व्हावी म्हणून बीटी आले, तीच फवारणी परत आली. इकडे अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतात याच अळीवर हेच विष १९९६ पासून चालले. तिथे साध्या कापसाच्या पट्ट्या नेमाने राखल्या गेल्या, विष टिकले, नंतर वांझ केलेले पतंग सोडण्यात आले आणि २०१८ साली अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातून ती अळी नाहीशी झाल्याचे तिथल्या सरकारने जाहीर केले. तिथली शेते मोठी आणि शेतकरी थोडे, हा फरक मी विसरत नाही. भाच्याच्या चार एकरांना तो न्याय लावणे सोपे नाही. म्हणून साधे बी विषारी बियाण्यातच मिसळून देण्याची पद्धत नंतर आली, ती निदान माणसाचा स्वभाव ओळखून आहे.

शेतात विष टिकले की नाही याची परीक्षाही दरवर्षी प्रयोगशाळेत होते. त्यासाठी कधीच विष न पाहिलेल्या अळ्यांचा वंश पिढ्यान्‌पिढ्या वेगळा सांभाळावा लागतो. शेतातली अळी किती चिवट झाली हे त्या भोळ्या अळीशी ताडूनच कळते. तो वंश सांभाळणाऱ्या माणसाचे नाव कुठल्याही वार्तापत्रात येत नाही. धारवाडला मला तो माणूस भेटला. रविवारीही शिरा शिजवायला येतो.

 एक विनंती आहे. मुख्याध्यापकांनी मला परवा कळवले, की प्रयोगशाळेच्या जुन्या कपाटात मास्तरांच्या नोंदवह्या अजून आहेत. १९६३ च्या वहीत लिंबाच्या अळ्यांचे पान शोधावे. चौथ्या बाटलीपुढचे शून्य खोडून तिथे दोन लिहायचे आहे, आणि शेजारी माझी सही. पेन मी आणले आहे.