शाळा सोडताना मुलीच्या पिशवीत काय हवं?

(परभणी जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावीचे निरोप समारंभ आपल्याला नवे नाहीत. पाहुण्या म्हणून आपल्यापैकी बऱ्याच जणी जातात. नारळ, गुलाबाचं फूल, दोन शब्द. आपण सावित्रीबाईंचं नाव घेतो, आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचं घेतो, पोरींना धीट व्हा म्हणून सांगतो आणि मिळेल त्या एस.टी.नं परत येतो. जूनमध्ये त्याच गावात गेलं की त्यातल्या कितीतरी पोरी दिसत नाहीत. विचारलं की उत्तर एका शब्दात मिळतं: "दिली."

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी ४८ टक्के बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा २२ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे शाळा सोडल्यावर मुलीनं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे बऱ्याच वेळा मुलीला विचारलाच जात नाही. म्हणून मी आज धीट होण्याबद्दल बोलणार नाही. आपल्या पोरी धीट आहेतच. त्यांच्या पिशवीत काय असतं, यावर बोलू.

पण त्याआधी कोयत्याचं. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागातून दिवाळीच्या सुमारास माणसं ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'वर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. एकट्या पोराला अर्धा कोयता. मग पोराचा कोयता पुरा करायला सून लागते, आणि इकडे आईबापांना पंधरा वर्षांची पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची ही काळजी असते. दोन्ही घरांचा हिशोब एकाच मांडवात जुळतो. हंगाम चालतो उन्हाळ्यापर्यंत, आणि दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, नेमकी मधोमध. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो. २०२१ मध्ये सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना काढली. तिथे पोरीचं नाव लागायचं तर आईबाप गाव सोडायच्या आत. उचल घेतल्यावर नव्हे.

आता पिशवी. पहिली गोष्ट कागद. हा विषय रुक्ष आहे, पण पोरी कितीतरी वेळा इथेच अडतात. शाळेच्या रजिस्टरमध्ये नाव एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. कुठे जन्मतारीख गुरुजींनी अंदाजानं १ जून टाकलेली. हे दुरुस्त करायचं तर मुलगी शाळेत आहे तोवर, मुख्याध्यापकांमार्फत. टी.सी. हातात पडल्यावर तेच काम फार अवघड होऊन बसतं. पंधराव्या वर्षानंतर आधारवरचे बोटांचे ठसे नव्यानं द्यावे लागतात, हे कितीतरी घरांत माहीत नसतं.

त्याहून मोठं काम जातीच्या दाखल्याचं. अनुसूचित जातीसाठी १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तो शोधायचा वडिलांकडच्या घराण्यात: आजोबांचा शाळेचा दाखला, खासरा. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा, त्यामुळे जुने कागद उर्दूत, मोडीत. आजा शाळेतच गेला नसेल तर दाखला कुठला? आणि जिची आई नवऱ्यानं टाकलेली आहे, तिनं काय करायचं? ज्या घरानं आईला हाकललं त्याच घराच्या उंबऱ्यावर कागदासाठी उभं राहायचं. परित्यक्तांच्या प्रश्नावर आपण पोटगी, राहतं घर, रेशनकार्ड याबद्दल बोलत आलो. पोरीच्या दाखल्याबद्दल फारसं बोललो नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आता आईचं नाव वडिलांच्या आधी लागतं. चांगलं झालं. पण आज दहावीत बसलेल्या पोरीला त्याचा उपयोग नाही. तिच्यासाठी तहसीलमध्ये आपल्यापैकी कुणीतरी बरोबर जावं लागेल. मी सांगते, आईबरोबर संघटनेची बाई उभी असली की कारकुनाचा आवाज खाली येतो!

आता मधल्या काही गोष्टी भराभर सांगते. नापास झालेली पोर म्हणजे संपलेली पोर नव्हे. निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तर ए.टी.के.टी.वर अकरावीत बसता येतं. मध्येच शाळा सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. आय.टी.आय.मध्ये काही ट्रेड दहावी नापासांनाही खुले असतात, आणि वायरमनच्या कामाला पुरुषच लागतो असं विजेनं कधी सांगितलेलं नाही. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळा-कॉलेजात जायला एस.टी.चा पास मोफत आहे. पुढे व्यावसायिक शिक्षणाला जाणाऱ्या इतर मागासवर्गीय, मराठा आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून पूर्ण माफ झाली आहे. पण राहायचं, खायचं, जायचं-यायचं कुणी माफ केलेलं नाही, आणि पोरी बहुतेक त्यावरच अडतात. फी माफीचे फलक वाचून हुरळून जायला नको.

बँकेत खातं तिच्या नावाचं हवं आणि पासबुक तिच्या हातात. स्लिप तिला भरता आली पाहिजे. ओ.टी.पी. ज्या फोनवर येतो तो भावाचा असेल, तर खातंही भावाचंच समजा.

कामाला जाणाऱ्या पोरीला पगार कोणत्या तारखेला आणि किती, हे पहिल्याच दिवशी विचारायला शिकवा. कापडदुकानात दोनच पोरी कामाला असल्या तरी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा त्यांना लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

आणि लग्न ठरलंच तर? १०९८ हा नंबर पाठ हवा. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकाची, आणि त्याला मदत अंगणवाडीच्या ताईची. पण ती ताई त्याच गावात नांदते, हे विसरू नका. तक्रार तिच्या नावानं न जाता आपल्या नावानं जाऊ द्या. लग्न लागून गेलं असेल तरी मुलगी वीस वर्षांची होईपर्यंत कोर्टात जाऊन ते रद्द करून मागू शकते. हे मांडवात कुणी सांगत नाही, म्हणून वर्गात सांगायचं. आणि मुलांनाही तिथेच बसवायचं. एकवीसच्या आत लग्न लागलं की उचलीचं ओझं त्यांच्याही मानेवर बसतं.

हे सगळं एका भाषणात होणार नाही. नववीच्या उन्हाळी सुट्टीआधी एक दुपार कागदांसाठी, दसऱ्याच्या आत दुसरी वसतिगृहासाठी, आणि निकालाच्या आठवड्यात तिसरी गावातच, शाळेत नव्हे. कारण नापास पोर शाळेकडे फिरकत नाही. सेलू-मानवतकडे कापूस वेचणीत पोरी अडकतात, तिथल्या मैत्रिणींनी दुसरी दुपार आपल्या सोयीनं ठरवावी. पूर्णा आणि पाथरीसाठी अजून कुणी नाव दिलेलं नाही. चहा व्हायच्या आत दोन-दोन नावं या वहीत लिहा.