आकाशातून दिसणारी आणि न दिसणारी जमीन
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



पन्नास वर्षे अविरत सेवा करणाऱ्या या संस्थेने आता गावोगावच्या उजाड माळरानांच्या पुनरुज्जीवनाचा संकल्प सोडला आहे. त्या निमित्ताने नकाशा व ड्रोन या विषयावर बोलण्यास मला पाचारण केले, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10,000 लिटर पाणी मिळाले. 1,000 हेक्टरांच्या शिवारावर वर्षाकाठी 500 मिलिमीटर पाऊस झाला, तर ते 500 कोटी लिटर होते. अवर्षणप्रवण गावालाही निसर्ग इतके देतो. हे पाणी कोणत्या वाटेने धावते आणि जाताना कोठली माती नेते, हे जाणणे हेच आपले पहिले काम आहे.

पूर्वी यासाठी डम्पी लेव्हल घेऊन दिवसचे दिवस डोंगर तुडवावा लागे. पुढे उपग्रह आले. 2005 साली सोडलेला इस्रोचा कार्टोसॅट-1 अडीच मीटरपर्यंतचा तपशील टिपत असे. आज कमी उंचीवरून उडणारा ड्रोन काही सेंटिमीटरांचा तपशील देतो. एकमेकांवर चढणारी शेकडो छायाचित्रे जुळवून संगणक जमिनीचा चढउतार काढतो आणि त्यावरून समपातळी रेषा आखता येतात. मात्र झाडी वा पीक उभे असेल तर कॅमेऱ्याला शेंडे दिसतात, जमीन दिसत नाही. म्हणून उड्डाण उन्हाळ्यात, रान मोकळे असताना करावे. जमिनीवरील खुणांचे बिंदूही अचूक मोजावेत. समतल चराची रेषा चुकली, तर पाणी एका टोकाला साचते आणि तेथूनच फुटून घळ पाडते.

आता एक कबुली देतो. एका गावी आम्ही गायरानाचा उतार नकाशावर 'पडीक' म्हणून रंगवला, कुंपण घातले आणि रोपे लावली. ती मेंढपाळांची पिढीजात वाट होती. दुसरा उन्हाळा सरेपर्यंत तेथे ना कुंपण उरले, ना रोपे. दोष त्यांचा नव्हता. ज्यांना आम्ही विचारलेच नाही, त्यांच्याकडून राखणीची अपेक्षा कशी करावी? ड्रोनला जमिनीचा आकार दिसतो, तिच्यावर कोणाचे पोट आहे हे दिसत नाही.

ड्रोन येण्याच्या कितीतरी आधी, 1990 च्या दशकात, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारली. पुढे पाण्याचा ताळेबंदही ग्रामसभेतच मांडला जाऊ लागला. गावाने स्वतः घेतलेला निर्णय गावच राखते, हा त्यातील धडा आहे.

म्हणून दात्यांना माझी नम्र विनंती आहे की, यंत्राच्या डिझेलला निधी देण्यापूर्वी नकाशा मागावा. तो ग्रामसभेत मोठ्या कागदावर पसरावा. भूमिहीन, मेंढपाळ आणि सरपणाला जाणाऱ्या भगिनी यांनी त्यावर आपल्या वाटा स्वहस्ते काढाव्यात, आणि मगच खोदकामाची रेषा ठरावी. नकाशाची प्रत ग्रामपंचायतीत राहावी. दरवर्षी त्याच ऋतूत पुन्हा उड्डाण करून घळी भरल्या की वाढल्या, हे ग्रामस्थांसमोर ताडून पाहावे.

दानाचा हिशेब आपण चोख ठेवताच. मातीचाही तसाच ठेवू या.