मागच्या रांगेचे बोलणे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाची सवय नाही. पण गेल्या पौषात मंडळाची सहल सेवाग्रामला गेली, तेव्हा मनात जे आले ते सांगते.

गांधीजी तेथे १९३६ साली राहावयास आले. आदिनिवास, बा-कुटी, बापू-कुटी पाहून आम्ही सायंकाळी प्रार्थनेला बसलो. प्रार्थनाभूमीला भिंत नाही, छप्पर नाही, मूर्तीही नाही. उघड्या आभाळाखाली सर्व धर्मांची प्रार्थना आजही होते.

सेवाग्रामच्या नई तालीममध्ये मार्जरी साइक्स या इंग्रज बाईंनी बरीच वर्षे शिक्षक तयार केले. १९२८ साली त्या शिक्षिका म्हणून मद्रासला आल्या होत्या. त्या क्वेकर पंथाच्या. या पंथाचे लोक स्वतःला ‘मित्र’ म्हणवितात. लंडनला युस्टन रोडवर त्यांचे मोठे सभागृह आहे. गोलमेज परिषदेसाठी गेलेल्या गांधीजींचे स्वागत १२ सप्टेंबर १९३१ रोजी तेथेच झाले.

त्यांच्या उपासनेची रीत मला फार आवडली. पुरोहित नाही, पूजा नाही. सारे तासभर मुकाट बसतात. ज्याला आतून बोलावेसे वाटेल तो उठून चार शब्द बोलतो, की पुन्हा शांतता. बाईलाही तोच अधिकार. मार्गारेट फेल यांनी तुरुंगात असताना १६६६ साली त्यावर पुस्तकच लिहिले! कामकाजाच्या सभेतही ते मते मोजीत नाहीत. कुणाचे मन घेत नसेल तर थांबतात, पुन्हा विचार करतात. सर्वांचा कल जुळला म्हणजे चिटणीस तो लिहून वाचून दाखवितो.

आता आपल्या घरचे. मंडळाची सभा दुपारी दोनला भरवावी, असे हात वर करून ठरले. त्या दिवशी मागे बसलेल्या चौघीजणी काही बोलल्या नाहीत. त्या कापूस वेचायला जातात. दोन वाजता त्यांच्या ओटीत कापूस असतो. पुढे त्या सभेला आल्याच नाहीत. मते अधिक पडली हे खरे; पण गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे.

म्हणून माझी विनंती अशी की, नव्या वर्षाची पहिली सभा रात्री, जेवणे आटोपल्यावर भरवावी. त्या चौघींना घरी जाऊन बोलवावे. आरंभी पाच मिनिटे सर्वांनी स्वस्थ बसावे आणि मग मागच्या रांगेने आधी बोलावे. सभेची वेळ त्यानंतर ठरवू.