गर्भापासून अंगणापर्यंत

(डोंबिवली येथील पालक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



सकाळी सातच्या सुमारास ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण स्थानकावर उभे राहिले की एक दृश्य हमखास दिसते. तान्हे मूल घरी सासूच्या किंवा पाळणाघरातील मावशींच्या स्वाधीन करून एक तरुण माता लोकल पकडण्यासाठी धावत असते. डबा हातात असतो, मन मात्र घरीच राहिलेले असते. ‘आपण मुलावर अन्याय तर करीत नाही ना?’ हा प्रश्न सायंकाळपर्यंत तिची पाठ सोडत नाही. बालमानसशास्त्राकडे या प्रश्नाचे उत्तर आहे. ते दिलासा देणारे आहे, तसेच जबाबदारीची जाणीव करून देणारेही आहे.

प्रारंभ गर्भावस्थेपासूनच केला पाहिजे. सुभद्रेच्या उदरात चक्रव्यूहाची कथा ऐकणारा अभिमन्यू आपल्या घराघरांत ठाऊक आहे. आधुनिक शास्त्र सांगते की सहाव्या महिन्याच्या सुमारास गर्भाला ध्वनी ऐकू येऊ लागतात. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर या अमेरिकन संशोधकांनी नवजात अर्भकांवर एक प्रयोग केला. चोखणीची लय बदलून आवाज निवडण्याची सोय करून दिली, तेव्हा बाळांनी परक्या स्त्रीपेक्षा स्वतःच्या आईचा आवाज पसंत केला. आईच्या आवाजाशी बाळाची ओळख जन्मापूर्वीच होते, ती अशी. मात्र गर्भाला शब्दांचा अर्थ कळतो किंवा ध्वनिफिती ऐकवून बुद्धिमान संतती घडविता येते, याला शास्त्राचा आधार नाही. खरा गर्भसंस्कार म्हणजे मातेचा आहार, विश्रांती आणि तिच्या मनाचे स्वास्थ्य. ज्या नलिकेतून पुढे मेंदू व मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण चार आठवड्यांत बंद होते. पुष्कळदा तोवर दिवस गेल्याचे आईला कळलेलेही नसते. म्हणून फॉलिक अ‍ॅसिड गर्भधारणेपूर्वीच सुरू करावे लागते. मिश्री लावण्याच्या सवयीने बाळाचे वजन घटते. गर्भवतीला पौष्टिक अन्न मिळणे आणि घरात तिला अपशब्द ऐकावा न लागणे, हे पती व सासरच्या मंडळींचे कर्तव्य ठरते.

जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात मूल जी गोष्ट शिकते तिला एरिक एरिक्सन यांनी मूलभूत विश्वास म्हटले. रडल्यावर कोणीतरी येते, भूक लागल्यावर दूध मिळते, एवढ्यातूनच हे जग भरवशाचे असल्याचा निर्वाळा बाळाला मिळतो. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी याच नात्याचा अभ्यास करून अनुबंधाचा सिद्धांत मांडला. त्यात आपल्या मातांसाठी मोठा दिलासा आहे. बाळाचा अनुबंध एकट्या आईशीच जुळतो असे नाही. वडील, आजी-आजोबा, पाळणाघरातील मायाळू मावशी यांच्याशीही तो जुळतो. अट एवढीच की ही माणसे वारंवार बदलू नयेत आणि बाळाच्या हाकेला त्यांची ओ मिळावी. पदराआड तोंड लपवून ‘कुक्’ करणारी आजी नकळत मोठेच शिक्षण देत असते. दिसेनाशी झालेली वस्तू नष्ट होत नाही, हे भान जाँ पियाजे यांच्या मते आठव्या महिन्याच्या आसपास येऊ लागते. त्याच सुमारास परक्याला पाहून मूल रडू लागते. तो हट्ट नसून प्रगतीची खूण आहे.

हाक व प्रतिसाद यांची ही देवाणघेवाण मोबाइलच्या पडद्याला साधत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनाही दिवसाकाठी एका तासापेक्षा अधिक नको. घास भरविण्यासाठी मोबाइल देणाऱ्या प्रत्येक घराने याचा विचार करावा.

तीन-चार वर्षांच्या मुलासमोर वाटीतले ताक उंच पेल्यात ओता. ताक वाढले, असे ते ठामपणे सांगेल. ते मूर्ख नाही. त्याच्या विचाराची रीतच वेगळी आहे. अशा वयात त्याच्या हाती पेन्सिल देऊन ओळीच्या ओळी गिरवून घेणे म्हणजे कळी ओढून फुलविणे होय. आज जे मदतीने जमते ते उद्या एकट्याने जमेल, हे वायगॉट्स्की यांचे सूत्र ध्यानी घेऊन एक पायरी पुढचा हात द्यावा. दहा पायऱ्या पुढे फरफटत नेऊ नये.

हे ज्ञान केवळ परदेशी ग्रंथांत अडकलेले नाही. त्याची प्रयोगभूमी याच जिल्ह्यात होती. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि ‘अंगणवाडी’ जन्मली. १९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा भरली. धाकट्या भावंडाला सांभाळण्यापायी थोरलीची शाळा बुडू नये म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांना पुढे अंगणवाडी हेच नाव मिळाले. बोर्डी व कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत.

लोकल धरणाऱ्या मातेला म्हणूनच सांगावेसे वाटते की अपराधीपणाचे ओझे उतरवून ठेवा. सायंकाळी घरी आल्यावर कुकर लावण्यापूर्वीची पंधरा मिनिटे बाळाला मांडीवर घ्या. कुकर तोवर त्याचे वडील लावतील. आजी-आजोबांनी गोष्ट सांगावी. शेजाऱ्यांनी सोसायटीच्या अंगणात खेळणाऱ्या मुलांवर ओरडणे थांबवावे. आणि ज्यांच्या हाताशी थोडा मोकळा वेळ आहे त्यांनी जवळच्या वस्तीतील अंगणवाडीत आठवड्यातून एक तास जाऊन बसावे. मूल घडविणे हे एकट्या आईचे काम कधीच नव्हते. ताराबाई आणि अनुताईंनी अंगण मोठे केले. ते पुन्हा आखडू न देणे आपल्या हाती आहे.