किल्ली फिरत नाही तेव्हा

जबलपुरातील दीक्षितपुऱ्यात मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना खेटून. तेथे मोटार उभी करावयाची म्हणजे कोणाच्या तरी ओट्याचा आश्रय घ्यावा लागतो. अशाच एका ओट्याशी आमची मोटार उभी असताना, पौषातल्या एका थंड रात्री माझ्या वडिलांच्या छातीत कळ आली. त्यांना कसेबसे मागच्या आसनावर बसविले, आईने अंगावर घोंगडी टाकली, मी किल्ली घातली. आणि किल्ली फिरेना.

अशा वेळी सुशिक्षित मनुष्य जे करतो तेच मी केले. जोर केला. किल्ली वाकली, फिरली मात्र नाही. गडबड ऐकून शेजारचे काका बाहेर आले. त्यांचे आयुष्य येथल्या वाहन कारखान्यात गेलेले. त्यांनी एकदा चाकांकडे पाहिले आणि म्हणाले, "अरे, किल्लीशी भांडू नकोस. आधी सुकाणू धर." त्यांनी सुकाणूचक्र डावीकडे किंचित दाबले, दुसऱ्या हाताने वाकलेली किल्ली हलकेच फिरविली, आणि इंजिन सुरू झाले. वडिलांना वेळेवर उपचार मिळाले, ते बरे झाले. परंतु माझ्या अज्ञानापायी गेलेली ती दहा मिनिटे मी विसरू शकलो नाही. आजचे भाषण त्या दहा मिनिटांचे प्रायश्चित्त समजा.

घडले होते ते साधेच. किल्ली काढून घेतली की पोलादाचा एक अडसर सुकाणूच्या दांड्यात शिरतो. चोराला मोटार वळविता येऊ नये हा हेतू. आमचे पुढचे चाक ओट्याच्या दगडाला रेटून उभे होते. त्या रेट्याने अडसर खाचेत दाबला गेला होता. दाराला आतून कोणी टेकून बसले असता कडी निघत नाही, तसाच हा प्रकार. सुकाणू किंचित हलवून ताण सैल करावा, म्हणजे कडी आपोआप निघते.

किल्लीला हे अधिकार एकदम मिळालेले नाहीत. प्रारंभी मोटार दांडा घालून हातानेच फिरवीत. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला. तरीही पुढे कितीतरी वर्षे किल्लीने केवळ विजेचा मार्ग खुला होई. इंजिन फिरविण्यास निराळा खटका असे. १९४९ साली क्रायस्लर कंपनीने ही दोन्ही कामे एकाच किल्लीकडे सोपविली. उलट, दुसऱ्या महायुद्धातील बहुसंख्य जीपगाड्यांना किल्लीच नव्हती. रणांगणावर किल्ली शोधीत बसण्यास सवड कोणाला? आमच्या जबलपूरला हा इतिहास परका नाही. येथल्या तोफगाडी कारखान्यात १९५९ पासून शक्तिमान ट्रक तयार होऊ लागले, आणि १९६९ साली उभ्या राहिलेल्या वाहन कारखान्यातून जोंगा गाडी देशभर गेली. तिच्या नावात जबलपूरचे आद्याक्षरच दडलेले आहे.

आता मुद्द्याकडे वळू. किल्लीच्या तक्रारी तीन जातींच्या असतात: किल्ली फिरत नाही, किल्ली फिरते पण काही घडत नाही, आणि घडते पण टिकत नाही.

किल्ली फिरत नसेल तर प्रथम सुकाणू हलवून पाहावे. मग दुसरी किल्ली लावून पाहावी. कुलपाच्या आत लहान लहान पट्ट्या असतात. किल्लीच्या दातांनी त्या नेमक्या उंचीला आल्या तरच कुलूप वळते. दात झिजले की हिशेब चुकतो. झिजलेल्या किल्लीवरून नवी करवून घेणे म्हणजे चुकीच्या नकलेची पुन्हा नक्कल करणे होय. आम्हां कचेरीतल्या माणसांना हे सांगावयास नको. नवी किल्ली मूळ किल्लीवरूनच करवावी. आणि कुलपात तेल ओतू नये. तेलाला धूळ चिकटते व त्याचा चिखल होतो. ग्रॅफाइटची कोरडी पूड चिमूटभर पुरते.

किल्ली फिरली पण इंजिन गप्प, अशा वेळी समोरचे दिवे लावून ठेवावेत आणि मग किल्ली फिरवावी. दिवे मुळीच लागले नाहीत, किंवा किल्ली फिरविताच मंदावले आणि टिकटिक ऐकू आली, तर दोष बहुधा बॅटरीचा किंवा तिच्या सैल, गंजलेल्या जोडांचा. दिवे प्रखर राहिले आणि एकच "टक्" असा आवाज झाला, तर संशय स्टार्टरवर घ्यावा. दिवे प्रखर आणि आवाजही नाही, तेव्हा कोठे किल्लीमागील स्विचची पाळी येते. तत्पूर्वी क्लच पुरता दाबला आहे ना, हे पाहावे. स्वयंचलित गिअरची गाडी असेल तर दांडा योग्य जागी हवा.

तिसरी जात फसवी. इंजिन सुरू होते आणि किल्ली सोडताच बंद पडते. स्विचमधील "चालू" या जागेचा संपर्क झिजला की असे होते. नव्या मोटारींत आणखी एक कारण संभवते. त्यांच्या किल्लीत एक चिप असते. गाडीला तिची ओळख पटली नाही तर इंजिन सुरूच होत नाही, किंवा क्षणभर चालून थांबते, आणि समोर किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकतो. जुडग्यातील इतर किल्ल्या बाजूला करून, किंवा दुसरी किल्ली घेऊन पाहावे. ज्या मोटारींना किल्लीऐवजी बटण असते, त्यांच्या किल्लीतील सेल संपला तर पुष्कळ गाड्यांत किल्लीच बटणाला टेकवून इंजिन सुरू करता येते.

एक दोष मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. चालत्या गाडीत किल्ली हलली आणि इंजिन बंद पडले, तर ती गाडी दुरुस्त झाल्याखेरीज रस्त्यावर आणू नये. जनरल मोटर्स कंपनीच्या काही मोटारींत हा स्विच फार सैल होता. जड जुडग्याच्या भाराने किंवा धक्क्याने तो मागे सरके, इंजिन बंद पडे आणि अपघातात संरक्षक हवेच्या पिशव्याही उघडत नसत. २०१४ साली कंपनीने अशा सुमारे २६ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. भरपाईच्या योजनेत १२४ मृत्यूंचे दावे मान्य झाले. एका लहानशा स्प्रिंगचा कमकुवतपणा इतका महाग पडला.

असा प्रसंग आलाच तर किल्ली काढू नये. काढली तर सुकाणूच जखडेल. सुकाणू जड होते, पण वळते. ब्रेक पुनःपुन्हा न मारता एकदाच घट्ट दाबून ठेवावा आणि गाडी कडेला घ्यावी.

श्रोतेहो, त्या रात्री वाकलेली किल्ली मी टाकली नाही. वडिलांच्या जुडग्यात घराची, कपाटाची, देवघराची अशा सात किल्ल्या होत्या; मोटारीची मी वेगळी केली. दुसरी किल्ली आता दाराजवळच्या खुंटीवर असते आणि ती कोठे आहे हे घरातील प्रत्येकाला ठाऊक आहे. आईलाही मी सुकाणू धरावयास शिकविले. ती म्हणाली, "एवढेच होते होय?"

होय, एवढेच होते. पण ते आदल्या दिवशी ठाऊक असावे लागते.