भातखाचरांचे शहर आणि त्याचा फुटबॉल संघ
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

इटलीच्या फुटबॉलचे नाव निघाले की तुरीन, मिलान आणि रोम ही शहरे डोळ्यांसमोर येतात. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात त्या देशाचे विजेतेपद सात वेळा एका लहानशा शहराने मिळविले होते. त्या शहराचे नाव व्हेर्चेल्ली, आणि संघाचे नाव प्रो व्हेर्चेल्ली. हा संघ वर कसा आला आणि पुढे खाली का गेला, हा प्रश्न केवळ क्रीडारसिकांचा नाही. कष्टकऱ्यांच्या जीवनात आनंदाची जी थोडी साधने असतात, त्यांच्यावर मालकी कोणाची, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

तुरीन आणि मिलान यांच्या दरम्यान, सेझिया नदीच्या काठी व्हेर्चेल्ली वसले आहे. 1866 मध्ये काव्हूर कालवा सुरू झाला आणि या सपाट मुलखातील भातशेतीला पाण्याची मोठी जोड मिळाली. तेथील भाताची बेणणी स्त्रिया करीत. त्यांना ‘मोंदिना’ म्हणत. उन्हाळ्याच्या आरंभी गुडघाभर पाण्यात, कंबरेत वाकून, डासांच्या आणि हिवतापाच्या सान्निध्यात त्यांचा दिवस जाई. कोकणातील खाचरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे श्रम निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या स्त्रियांनी 1906 मध्ये व्हेर्चेल्लीत संप केला आणि आठ तासांचा दिवस मिळविला. समाजवादी वकील मोदेस्तो कुन्योलिओ यांनी त्यांची बाजू लढविली. इटलीच्या धातूकामगारांना आठ तासांचा करार 1919 मध्ये मिळाला, हे लक्षात घेतले म्हणजे या शेतमजूर स्त्रियांच्या विजयाचे मोल कळते. आठ तासांची मागणी ही विश्रांतीची आणि मोकळ्या वेळाचीही मागणी असते. माणसाला स्वतःचा वेळ मिळाल्याखेरीज खेळ ही जनतेची वस्तू होऊ शकत नाही.

त्याच शहरात त्याच वर्षांत हा संघ आकार घेत होता. मूळ संस्था 1892 मध्ये व्यायामशाळा म्हणून निघाली. तिची फुटबॉल शाखा 1903 मध्ये सुरू झाली, आणि तिच्या स्थापनेत तलवारबाज मार्चेल्लो बेर्तिनेत्ती यांचा पुढाकार होता. ही संस्था मजुरांनी काढली होती, असे म्हणणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. तिचा आरंभ शहरी मध्यमवर्गाने केला. तथापि जेनोआ आणि मिलान येथील क्लब इंग्रज रहिवाशांच्या पुढाकाराने उभे राहिले असताना प्रो व्हेर्चेल्लीचे बहुतेक खेळाडू त्याच शहरातले व आसपासचे होते. पांढऱ्या सदऱ्यातील या मुलांनी 1908, 1909, 1911, 1912 आणि 1913 अशी पाच विजेतेपदे मिळविली. 1908 मध्ये परदेशी खेळाडूंच्या प्रश्नावरून काही मोठे क्लब स्पर्धेबाहेर राहिले होते, हेही नोंदविले पाहिजे. परंतु पुढील वर्षांतील यशाने शंकेला जागा उरली नाही. 1 मे 1913 रोजी तुरीनमध्ये इटलीचा राष्ट्रीय संघ बेल्जियमविरुद्ध उतरला, तेव्हा अकरांपैकी नऊ खेळाडू या एका शहराच्या संघाचे होते. इटलीने तो सामना 1–0 असा जिंकला.

1910 ची हकिकत विशेष बोलकी आहे. व्हेर्चेल्ली आणि मिलानचा इंटर यांचे गुण समान झाले आणि निर्णायक सामना ठरला. त्याच दिवशी व्हेर्चेल्लीचे काही खेळाडू लष्करी स्पर्धेत गुंतले होते. तारीख पुढे ढकलण्याची विनंती इंटरने मानली नाही. तेव्हा 24 एप्रिल रोजी व्हेर्चेल्लीने निषेधादाखल आपल्या शाळकरी वयाच्या मुलांना मैदानात उतरविले. इंटरने 10–3 असा विजय मिळविला आणि विजेतेपदही घेतले. पराभव पत्करला, परंतु अन्याय निमूटपणे स्वीकारला नाही.

महायुद्धानंतर 1921 आणि 1922 ची विजेतेपदे पुन्हा व्हेर्चेल्लीकडे आली. ती शेवटची ठरली. 1923 मध्ये ‘फियाट’च्या मालक घराण्यातील एदुआर्दो आन्येल्ली तुरीनच्या युव्हेंटस क्लबचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी व्हेर्चेल्लीचा बचावपटू व्हिर्जिनिओ रोसेत्ता युव्हेंटसकडे गेला. या प्रकरणावरून मोठा वाद पेटला. येथे दोष खेळाडूला देणे चुकीचे ठरेल. आपल्या श्रमाचा मोबदला मागण्याचा अधिकार खेळाडूलाही आहे. ‘हौशी’ खेळाचे तत्त्व ज्यांना पोटाची चिंता नाही त्यांच्यासाठीच सोयीचे होते. प्रश्न वेतनाचा नव्हता. एका शहराने घडविलेले कौशल्य भांडवलाच्या जोरावर उचलून नेता येते, आणि त्या शहराला त्यात शब्द नसतो, हा प्रश्न होता.

1926 मध्ये फासिस्ट राजवटीने व्हियारेज्जोच्या सनदेद्वारे फुटबॉलची नवी घडी बसविली आणि महासंघाचा कारभार वरून नेमलेल्या माणसांच्या हाती गेला. वेतन घेणाऱ्या खेळाडूंना मान्यता मिळाली. संघटनेचे स्वातंत्र्य नष्ट झाले आणि पैशाची मोकळीक वाढली, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. याच काळात व्हेर्चेल्लीने सिल्व्हिओ पिओला हा महान आघाडीचा खेळाडू घडविला. पहिल्या श्रेणीत त्याने या संघासाठी 51 गोल केले. 1934 मध्ये तो रोमच्या लात्सिओ संघाकडे गेला. पुढे 1938 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने दोन गोल केले आणि पहिल्या श्रेणीतील त्याचा 274 गोलांचा विक्रम आजही अबाधित आहे. पिओला गेल्यानंतर एकाच वर्षाने, 1935 मध्ये, प्रो व्हेर्चेल्ली पहिल्या श्रेणीतून खाली घसरला. त्याच हंगामात युव्हेंटसने सलग पाचवे विजेतेपद मिळविले. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की भाष्याची गरज उरत नाही.

युद्धोत्तर काळात व्हेर्चेल्लीच्या खाचरांचे नाव जगभर गेले ते ज्युसेप्पे दे सांतिस यांच्या 1949 च्या ‘रिझो आमारो’ या चित्रपटामुळे. त्यातील नट राफ व्हालोने पूर्वी तोरिनो संघाचा फुटबॉलपटू होता आणि नंतर इटालियन कम्युनिस्ट पक्षाच्या ‘लुनिता’ या दैनिकात पत्रकार. मैदान, शेत आणि वृत्तपत्र यांच्या वाटा त्या देशात अशा एकमेकींना भेटत होत्या. अंतोनिओ ग्राम्शी यांनीही 1918 मध्ये ‘आव्हांती’ या समाजवादी दैनिकात फुटबॉलवर लेख लिहिला होता. श्रमिकांच्या चळवळीने खेळाकडे क्षुल्लक बाब म्हणून पाहू नये, याचे भान त्या पिढीला होते.

2010 मध्ये जुना क्लब आर्थिक अडचणीने बुडाला. शहरातील दुसऱ्या क्लबने त्याचे नाव पुढे चालविले, आणि 2012 मध्ये प्रो व्हेर्चेल्ली 64 वर्षांनी पुन्हा दुसऱ्या श्रेणीत पोहोचला. म्हणजे हिशेबवह्या बुडाल्या, तरी लोकांनी नाव बुडू दिले नाही.

कॉम्रेड्स, या इतिहासातून एकच गोष्ट घ्यायची आहे. भातखाचरातील स्त्रियांनी आपला वेळ लढून मिळविला आणि संघटनेच्या बळावर तो राखला. त्याच शहराने आपला संघ घडविला, पण तो राखण्याचे साधन त्याच्या हाती नव्हते. संघटनेविना मिळालेले यश बाजाराच्या पहिल्याच धक्क्याला निसटते. खेळ, कला आणि विरंगुळा यांनाही हाच नियम लागू आहे.